फातिमा शेख ते सुरतचे निकाहनामे : मुस्लिम स्त्रियांच्या इतिहासाची पुस्तके कशी वाचावीत

दरवर्षी ९ जानेवारी जवळ आली की फातिमा शेख यांच्यावरचे मेसेज आपल्या कौटुंबिक ग्रुपवर यायला लागतात. जन्म कधी, शिक्षण कुठे, शाळेत किती वर्षे शिकवले, इंतकाल कधी, सगळे तपशील ठोक दिलेले असतात. २०२२ साली गूगलने याच तारखेला त्यांचे डूडल लावले आणि मग तर तारीख पक्कीच झाली.

आता कागद काय सांगतो ते बघू. सावित्रीबाई फुले यांनी १० ऑक्टोबर १८५६ रोजी नायगावहून जोतीरावांना पत्र लिहिले. सावित्रीबाई आजारपणामुळे माहेरी होत्या. मागे पुण्यात फातिमाला त्रास होत असणार, पण ती तक्रार करणारी नाही, अशा अर्थाचा उल्लेख त्या पत्रात आहे. मा. गो. माळी यांनी संपादित केलेल्या ‘सावित्रीबाई फुले समग्र वाङ्मय’ या ग्रंथात हे पत्र छापलेले आहे. उस्मान शेख यांच्या घरी फुले दांपत्याला आसरा मिळाल्याची हकीकत नंतरच्या चरित्रांतून येते. जन्मतारखेला मात्र त्या काळातला आधार दाखवता येत नाही.

मग २०२५ च्या जानेवारीत उलटी लाट आली. फातिमा शेख नावाची बाई झालीच नाही, ती बनवलेली गोष्ट आहे, असा दावा समाजमाध्यमांवर गाजला. आपल्या माणसांकडे उत्तर काय होते? बऱ्याच जणांनी तेच जुने मेसेज परत पाठवले. पत्राची तारीख सांगणारे थोडेच निघाले. खरे तर तारीख, गाव, कोणी कोणाला लिहिले, पत्र कुठल्या ग्रंथात आहे, एवढे सांगितले असते तरी वाद तिथेच थांबवता आला असता. जन्मतारखेला आधार नाही एवढेच सिद्ध होते, पण लोकांनी ऐकले ते ‘बाईच नव्हती’ असे.

म्हणून हा लेख. मुस्लिम स्त्रियांच्या जगण्यावर आणि हक्कांवर सामान्य वाचकाला झेपतील अशी बरीच पुस्तके गेल्या तीस-चाळीस वर्षांत आली आहेत. त्यांतल्या काहींची ओळख आम्ही इथे करून देत आहोत. यादी पूर्ण नाही, आमच्या आवडीनिवडीची आहे. पुस्तक हातात घेतले की आम्ही एकच गोष्ट आधी बघतो: लेखकाला हे कळले कशावरून? पत्र आहे, कोर्टाचा कागद आहे, की आधीच्या पुस्तकातून उचललेले आहे?

हदीस शिकवणाऱ्या स्त्रिया

या विषयावरचे सर्वांत गाजलेले नाव मौलाना मुहम्मद अकरम नदवी यांचे. मूळचे जौनपूरचे, लखनौच्या नदवतुल उलमामध्ये शिकलेले आणि पुढे ऑक्सफर्डला गेलेले हे आलिम. हदीसचे इल्म पुढे नेणाऱ्या स्त्रियांची नावे त्यांनी जमवायला घेतली, तेव्हा एखादे छोटे पुस्तक होईल अशी कल्पना होती. नावे हजारांत गेली. २००७ साली त्याची प्रस्तावना ‘अल-मुहद्दिसात’ नावाने इंग्रजीत आली आणि २०२१ साली जेद्दाहून अरबी ग्रंथ ४३ खंडांत निघाला. त्यात सुमारे दहा हजार स्त्रियांची नोंद आहे.

ही नावे आली कुठून? उस्तादांच्या चरित्रकोशांतून, इजाजतनाम्यांतून आणि दर्सच्या हजेरीपत्रकांतून. जुन्या काळी हदीसची किताब वाचून पूर्ण झाली की कोणी ऐकली, कोणासमोर वाचली, कुठे वाचली याची नोंद पानावर होत असे. मक्केच्या करीमा अल-मरवजिया यांच्याकडून सहीह बुखारी ऐकणाऱ्यांत खतीब बगदादींसारखे नामवंत होते. दमिश्कच्या उम्मुद्दरदा यांच्या दर्सला खलिफा अब्दुल मलिक येऊन बसत. या गोष्टी भाविकांच्या आठवणीवर उभ्या नाहीत, लेखी नोंदींवर उभ्या आहेत. म्हणूनच त्या हलवता येत नाहीत.

पण याच्या शेजारी अस्मा सईद यांचे २०१३ चे पुस्तक ठेवावे, असा आमचा आग्रह आहे. धार्मिक ज्ञानाच्या प्रसारात स्त्रियांचा वाटा हा त्याचा विषय. नदवी साहेब मोजतात, अस्माबाई विचारतात की केव्हा किती. सहाबियात आणि त्यांच्या लगतच्या पिढ्यांमध्ये स्त्रिया भरपूर दिसतात. नंतर हदीस हे दूरचा प्रवास करून शिकायचे व्यावसायिक शास्त्र झाले, तेव्हा त्यांची संख्या एकदम खाली आली. हिजरी चौथ्या शतकापासून ती पुन्हा वाढली. म्हणजे रेघ सरळ नाही. शिकण्याची पद्धत बदलली की बायका आत येतात किंवा बाहेर पडतात. दहा हजारांचा आकडा भाषणात वाहवा मिळवतो, उपयोगाची गोष्ट मात्र ही दुसरी आहे. (तो आकडा अभिमानाने सांगितला जातो त्या मशिदीत बायकांना वुजू करायला जागा आहे का, हेही एकदा बघून यावे.)

अमेरिकन पत्रकार कार्ला पॉवर यांनी नदवी साहेबांसोबत वर्षभर कुरआन वाचला आणि त्यावर २०१५ मध्ये पुस्तक लिहिले. सोपे आहे, गप्पांसारखे आहे, कॉलेजातल्या मुलांना देता येईल. इतिहास म्हणून नव्हे, ओळख म्हणून द्यावे.

उर्दू वाचता येणाऱ्या घरांत सय्यद सुलेमान नदवी यांचे ‘सीरत-ए-आयशा’ असेलच. नसेल तर असायला हवे. हजरत आयशा (रजि.) यांनी इतर सहाबांच्या रिवायतींमध्ये केलेल्या दुरुस्त्या चौदाव्या शतकात इमाम जरकशी यांनी एका स्वतंत्र किताबात गोळा केल्या होत्या. बाईने पुरुषाचे ऐकून घ्यावे एवढेच ज्यांना आठवते, त्यांना ही किताब आहे एवढे सांगितले तरी पुरे.

राण्यांची पुस्तके

मोरोक्कोच्या फातिमा मर्निसी यांचे १९८७ चे पुस्तक स्त्रियांच्या नेतृत्वाविरुद्ध सांगितल्या जाणाऱ्या हदीसची आणि तिच्या रावींची चिकित्सा करते. मोरोक्कोत त्यावर बंदी आली होती. १९८८ मध्ये बेनझीर भुट्टो पंतप्रधान झाल्यावर मुस्लिम राज्यांत बाईने कधी राज्य केलेच नाही असे बोलले जाऊ लागले, तेव्हा त्यांनी दुसरे पुस्तक लिहून राण्यांची मालिकाच मांडली. दिल्लीची रझिया, इजिप्तची शजरतुद्दुर, येमेनची अरवा. मर्निसींची सगळी मते पटतीलच असे नाही, आम्हालाही पटत नाहीत. वकिलासारखे लिहितात, आपल्या बाजूचे तेवढे पुढे करतात. पण वाचायला जबरदस्त.

राण्यांच्या पुस्तकांबद्दल आमची एक अडचण आहे. रझियाने १२३६ ते १२४० या काळात तख्त सांभाळले यावरून तिच्या राज्यातल्या विणकराच्या बायकोला मेहर मिळाला की नाही हे कळत नाही. त्यासाठी वेगळी पुस्तके लागतात आणि खरा खजिना तिथेच आहे.

निकाह, मेहर, तलाक

पंधराव्या शतकातले कैरो शहर. इमाम सखावी (इंतकाल १४९७) यांनी आपल्या शतकातल्या माणसांचा मोठा चरित्रकोश लिहिला आणि त्याचा शेवटचा खंड पूर्ण स्त्रियांना दिला. १०७५ स्त्रिया. कोणाशी निकाह झाला, कोणाशी तुटला, पुन्हा कोणाशी झाला, कोण काय शिकली, हे सगळे ते लिहून ठेवतात. योसेफ रापोपोर्ट यांनी हा खंड, फतवे आणि जुने करारनामे एकत्र वाचून २००५ साली मध्ययुगातल्या निकाह, पैसा आणि तलाक यांवर पुस्तक लिहिले. त्यांचा अंदाज असा की त्या काळच्या कैरोत दहातली निदान तीन लग्ने तलाकने संपत. तलाकशुदा बाईचा पुन्हा निकाह होणे ही नेहमीची बाब होती. बऱ्याच बायका सूत कातून, विणून स्वतः कमावत होत्या, आणि त्या कमाईमुळे घरातला बोलण्याचा जोर बदलत होता.

हे वाचून काही लोक दचकतात. आपल्याकडे घटस्फोटित मुलगी घरी आली की अम्मी-अब्बा वर्षानुवर्षे शेजाऱ्यांपासून लपवतात. आणि ज्यांची किताबे आपण डोक्याला लावतो त्या उलमांच्या घरांतल्या लेकी-बहिणींचे तलाक आणि दुसरे निकाह सखावी साधेपणाने नोंदवून पुढे जातात. तलाक वाढावेत असे आम्ही म्हणत नाही. लपवण्याची शरम कुठून आली, हे मात्र विचारावेसे वाटते.

आता आपल्या जवळ येऊ. सतराव्या शतकातले सुरत, मुघलांचे सर्वांत मोठे बंदर. तिथल्या फारसी दस्तऐवजांचा एक गठ्ठा पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे आणि त्यात निकाहनामे आहेत. अलिगढच्या इतिहासकार शिरीन मूसवी यांनी त्यांवर लिहिले, ते २००८ साली निघालेल्या त्यांच्या लेखसंग्रहातही वाचायला मिळते. या निकाहनाम्यांत नवऱ्याने मान्य केलेल्या अटी लिहिलेल्या आहेत. हे लग्न असेपर्यंत दुसरी बायको करणार नाही. मारहाण करणार नाही. ठरलेल्या मुदतीपेक्षा जास्त काळ खर्चाची सोय न करता गायब राहणार नाही. घरात दासी ठेवणार नाही. अट मोडली तर बायकोला त्यातून मोकळे व्हायची वाट होती.

विचार करा, हे साधारण पावणेचारशे वर्षांपूर्वीचे आहे. एखाद्या सुधारकाने सांगितले म्हणून नव्हे, शहरातल्या रोजच्या व्यवहाराचा भाग म्हणून. निकाह हा करार आहे हे आपण प्रत्येक भाषणात ऐकतो, पण आज निकाहनाम्यात अट लिहायची म्हटली तर मुलीचाच बाप म्हणतो की राहू द्या, पाहुणे काय म्हणतील. छापील फॉर्म भरून सह्या होतात, मेहरच्या रकान्यात आकडा पडतो आणि जेवणाच्या पंगती बसतात. सुरतच्या त्या बापांना पाहुण्यांची भीती वाटली नसेल असे थोडेच आहे? त्यांच्याकडे प्रथा होती. आपल्याकडून ती सुटली.

हिश्शाचा हिशेब, तोही मुंबईत

वारशाच्या बाबतीत तर प्रथा उलटी चालली. कुरआनने सूरह निसामध्ये मुलीचा, आईचा, बायकोचा वाटा ठरवून दिला. पण १८४७ साली मुंबईच्या सुप्रीम कोर्टात (तेव्हा मुंबईच्या सर्वोच्च न्यायालयाला हेच नाव होते) खोजा घराण्यातल्या लेकींनी बापाच्या मिळकतीत कुरआनप्रमाणे वाटा मागितला आणि त्या हरल्या. न्यायाधीश सर अर्स्किन पेरी यांनी ठरवले की खोजा आणि मेमन जमातींमध्ये मुलींना हिस्सा न देण्याची चाल जुनी आहे, आणि धर्मग्रंथात काहीही असले तरी कोर्ट चाल पाळेल. हिरबाई विरुद्ध सोनबाई या नावाने तो खटला कायद्याच्या पुस्तकांत आहे. अमृता शोधन यांच्या २००१ च्या पुस्तकात कोर्टाने खोजांसारख्या जमातींची ‘ओळख’ कशी ठरवली याची चर्चा आहे. जड पुस्तक आहे, पण मुंबईकरांनी तरी चाळावे.

लेकी कुरआन घेऊन उभ्या आणि जमातीतले पुरुष चालीरीत घेऊन उभे. हे चित्र आपल्याला शाळेत कोणी दाखवले नाही.

पंजाबातही हेच होते. रूढीच्या नावाखाली मुलींना जमिनीपासून लांब ठेवले जाई. पुढे १९३७ साली शरियत ॲप्लिकेशन ॲक्ट आला. उलमा त्याच्या बाजूने होते, मुस्लिम स्त्रियांच्या संघटनाही होत्या, आणि मध्यवर्ती कायदेमंडळात जिनांनी तो पुढे नेला. विनामृत्युपत्र वारसा, निकाह, तलाक, मेहर, पालकत्व अशा बाबींत रूढी बाजूला सारून शरियत लागू झाली. कच्छी मेमनांसाठी १९३८ मध्ये वेगळा कायदा झाला. पण १९३७ च्या कायद्यात एक शब्द आहे जो कोकणात, मराठवाड्यात आणि खानदेशात प्रत्येक घराने लक्षात ठेवावा: शेतजमीन वगळून. मोठ्या जमीनदारांना सांभाळण्यासाठी ती फट ठेवली गेली. आज आपल्या सातबाऱ्यावर याचा परिणाम काय होतो ते वकिलाला विचारा, प्रत्येक राज्याचे जमीन कायदे वेगळे आहेत. पण बहिणीकडून हक्कसोडपत्रावर सही घेताना ‘शरियतमध्ये असंच आहे’ असे कोणी म्हणत असेल, तर तसे नाही. शरियतमध्ये तिचा वाटा आहे.

१९३९ चा मुस्लिम विवाह विच्छेद कायदा अशाच एका अडचणीतून आला. हनफी मजहबप्रमाणे नवरा बेपत्ता झाला, खर्च देईना, जुलूम करू लागला तरी बायकोला सुटायची वाट फार अरुंद होती. पंजाबात काही बायका सुटकेसाठी कोर्टात इस्लाम सोडल्याचे जाहीर करू लागल्या. हे बघून मौलाना अशरफ अली थानवी यांनी मालिकी मजहबमधून जास्त सवलतीचे मसले घ्यायला परवानगी देणारी किताब लिहिली, ‘अल-हीला अल-नाजिजा’. तोच धागा कायद्यात उतरला. नवऱ्याचा चार वर्षे पत्ता नाही, दोन वर्षे खर्च दिला नाही, सात वर्षांची शिक्षा झाली, क्रूरपणे वागतो, अशा कारणांवर बाई कोर्टातून तलाक घेऊ शकते. उलमांना असे खटले मुस्लिम न्यायाधीशांपुढेच चालायला हवे होते, ती मागणी मान्य झाली नाही. ‘बहिश्ती जेवर’ लिहिणारे थानवी साहेब आणि हा कायदा यांचा असा संबंध आहे हे कळले की पुराणमतवादी आणि सुधारक असे सरळ दोन कप्पे करता येत नाहीत.

लाहोर, मुंबई, जंजिरा

देवबंदमध्ये शिकलेले सय्यद मुमताज अली यांनी लाहोरहून १८९८ मध्ये ‘हुकूक-ए-निस्वां’ छापले. पुरुष श्रेष्ठ असल्याच्या दलिली एकेक घेऊन त्यांनी कुरआन आणि अकलेच्या आधारे खोडल्या. त्याआधी हस्तलिखित घेऊन ते सर सय्यद यांच्याकडे गेले होते. सर सय्यद वाचता वाचता लालबुंद झाले आणि त्यांनी कागद फाडून टोपलीत टाकले. सर सय्यद जेवायला उठल्यावर मुमताज अलींनी ते तुकडे उचलून घेतले. पुस्तक छापले ते सर सय्यद यांच्या इंतकालानंतर. गेल मिनो यांच्या लेखनात ही हकीकत येते. त्यांचे १९९८ चे पुस्तक उत्तर भारतातल्या मुस्लिम मुलींच्या शिक्षणावर आहे आणि या लेखातल्या इंग्रजी पुस्तकांपैकी आम्हाला ते सर्वांत भरवशाचे वाटते. अलिगढचे नाव काढले की आपण उभे राहतो, ते योग्यच आहे. पण मुलींच्या बाबतीत सर सय्यद मागे राहिले, हेही त्याच इतिहासात आहे.

मुमताज अलींनी त्याच वर्षी ‘तहजीब-ए-निस्वां’ हे साप्ताहिक सुरू केले. संपादक होत्या त्यांच्या पत्नी मुहम्मदी बेगम. घरात पडद्यात बसलेल्या बायका त्यात पत्रे पाठवायच्या: शिक्षण, सासर, आजार, फुजूल रिवाज.

या साप्ताहिकात मुंबईची एक मुलगीही लिहित होती. तय्यबजी घराण्याच्या गोतावळ्यातल्या अतिया फैजी १९०६ मध्ये शिक्षिकेचे प्रशिक्षण घ्यायला लंडनला गेल्या. तिथून बहिणीला लिहिलेली त्यांची पत्रे लाहोरच्या ‘तहजीब’मध्ये छापली जात आणि पुढे ‘जमाना-ए-तहसील’ नावाने पुस्तक झाले. सिओबान लॅम्बर्ट-हर्ली आणि सुनील शर्मा यांनी त्याचा इंग्रजी अनुवाद २०१० मध्ये काढला. अतियांची थोरली बहीण नाझली म्हणजे जंजिऱ्याच्या नवाबांची बेगम. त्यांनी १९०८ साली युरोपचा प्रवास केला आणि त्याचे वर्णन उर्दूत लिहिले. मुरूडला किल्ला बघायला जाणाऱ्या आपल्या कुटुंबांना तोफेचे नाव पाठ असते. याच संस्थानच्या बेगमने प्रवासाचे पुस्तक लिहिले हे मात्र फारसे कोणाला ठाऊक नसते.

बाईने स्वतः लिहिलेल्या पुस्तकाची सर दुसऱ्या कशाला येत नाही. अकबराची आत्या गुलबदन बेगम यांनी ‘हुमायूंनामा’ लिहिला. त्याची एकच हस्तलिखित प्रत उरली आहे आणि ती मध्येच तुटते. राजघराण्यातल्या स्त्रियांना घेऊन त्यांनी केलेल्या कित्येक वर्षांच्या हजयात्रेचे त्यांचे स्वतःचे शब्द आपल्यापर्यंत आलेच नाहीत. रुबी लाल यांचे २०२४ चे पुस्तक त्या यात्रेचा माग ऑटोमन दरबारच्या हुकुमांतूनही काढते. जिथे कागद संपतो तिथे लेखिका कल्पनेचा आधार घेते, तेवढे भान ठेवून वाचावे.

मराठीत पाहिले तर मेहरुन्निसा दलवाई यांचे ‘मी भरून पावले आहे’ हे आत्मकथन आहे. हमीद दलवाईंच्या मतांशी आपल्यापैकी अनेकांचे पटत नाही, पण १८ एप्रिल १९६६ रोजी मुंबईत विधानभवनावर तलाकच्या प्रश्नावर सात मुस्लिम स्त्रियांचा मोर्चा निघाला, तो महाराष्ट्राच्या इतिहासाचा भाग आहे. त्या काळातल्या घरात काय चालले होते ते मेहरुन्निसाबाईंच्याच तोंडून ऐकलेले बरे.

वर सांगितलेली बहुतेक पुस्तके इंग्रजी किंवा उर्दूत आहेत. मराठीत ती यायला हवीत आणि अनुवाद करू शकणारी मुले-मुली आपल्या समाजात आहेत. मुंबईत अंजुमन-ए-इस्लामच्या करीमी लायब्ररीत जुनी उर्दू पुस्तके बघायला मिळतात, रेख्ताच्या संकेतस्थळावरही बरीच स्कॅन केलेली आहेत. आणि घरातली पेटी उघडून बघा. दादी-नानीचा निकाहनामा, जमिनीचा कागद, मदरशाची सनद, हजहून पाठवलेले पत्र असे काही निघाले तर लॅमिनेशन करू नका, जुना कागद त्याने खराब होतो. सुती कापडात किंवा साध्या लिफाफ्यात ठेवा, मोबाईलवर दोन्ही बाजूंचे फोटो काढा, आणि कोणाचा आहे, कोणत्या सालचा, घरात कसा आला हे वेगळ्या कागदावर लिहून त्यासोबत ठेवा.